‘क्यू’ आला कुठून? ड्युअल ईसी आणि ज्युनिपरचं प्रकरण

17 डिसेंबर 2015 रोजी ज्युनिपर नेटवर्क्स या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की तिच्या नेटस्क्रीन फायरवॉलवर (नेटवर्कच्या दारावर पहारा देणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या स्क्रीनओएस प्रणालीत ‘अनधिकृत कोड’ सापडला आहे. तो कोणी घातला, याबद्दल निवेदनात अवाक्षर नव्हतं. भगदाडं दोन होती. पहिलं अगदी राजरोस: एक ठरावीक पासवर्ड टाकला की यंत्राचा ताबा मिळे. हा पासवर्ड प्रोग्रामर डीबगिंगसाठी लिहितात तशा ओळीसारखा दिसेल असा बनवला होता. कोड वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जावी, हा उद्देश. दुसऱ्या भगदाडामुळे व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या एनक्रिप्टेड खासगी मार्गाची, वाहतूक चोरून ऐकणाऱ्याला ती उलगडता येत होती. संशोधकांनी बाधित आणि दुरुस्त आवृत्त्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या, तेव्हा या दुसऱ्या प्रकारात काय बदललं होतं ते दिसलं. एक स्थिरांक, आणि त्याला जुळतील अशी स्वचाचणीची काही मूल्यं. बस्स. एकही अट काढलेली नव्हती, एकही फंक्शन घुसवलेलं नव्हतं.

एक आकडा बदलून अख्खं एनक्रिप्शन कसं कोसळतं? आणि तो आकडा बदलला की काम फत्ते होईल, अशी जागा तिथे मुळात कोणी तयार करून ठेवली होती? या दुसऱ्या प्रश्नासाठी तिथून दहा-बारा वर्षं मागे जावं लागतं.

चौघांतला चौथा

एनक्रिप्शन म्हटलं की लोक एईएस, आरएसए अशी नावं घेतात. त्यांच्या खाली एक दुर्लक्षित थर असतो: रँडम आकडे तयार करणारा जनरेटर. किल्ली तिथून येते. संगणकाला नाणं उडवता येत नाही, म्हणून तो थोडी खरी अनिश्चितता गोळा करतो आणि तिच्यावरून गणिताने लांबच लांब आकडे काढत राहतो. या जनरेटरची आतली अवस्था ज्याला कळली त्याला पुढचे सगळे आकडे कळतात. मग त्याला एईएस फोडायची गरजच उरत नाही, किल्ली आयती हातात पडते. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेसाठी याहून चांगली जागा नाही. शिवाय इथे छेडछाड झाली तरी बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. रँडम आकडे रँडमच दिसतात.

जून 2006 मध्ये निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने ‘एसपी 800-90’ हा दस्तऐवज काढला. त्यात चार जनरेटर मंजूर केले होते. तीन हॅश फंक्शन आणि ब्लॉक सायफर या ओळखीच्या साहित्यावर बेतलेले. चौथा ड्युअल ईसी डीआरबीजी, इलिप्टिक कर्व्ह या विशिष्ट समीकरणाच्या वक्ररेषांवर आधारलेला, आणि यामागे अमेरिकेची हेरसंस्था एनएसए होती. तो बाकीच्या तिघांपेक्षा शेकडो पटींनी मंद होता. शिवाय त्याचे आकडे पुरेसे समतोल नाहीत, त्यांत किंचित कल दिसतो, हे नॉर्वेच्या आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी मानक अंतिम होण्याआधीच दाखवून दिलं होतं. मंद आणि सदोष असूनही तो यादीत राहिला. इथेच एखाद्याने टेबलावर हात आपटायला हवा होता.

हाताने करून पाहण्याजोगं गणित

ड्युअल ईसीमध्ये कर्व्हवरचे दोन ठरलेले बिंदू असतात, पी आणि क्यू. जनरेटरची अवस्था म्हणजे एक गुप्त संख्या, तिला एस म्हणू. प्रत्येक फेरीत दोन कामं होतात. एसने क्यूला गुणायचं, म्हणजे क्यूची स्वतःशीच एस वेळा बेरीज करायची, आणि आलेल्या बिंदूचा एक्स-अंक बाहेर द्यायचा. एसने पीला गुणायचं आणि त्या बिंदूचा एक्स-अंक ही पुढची अवस्था मानायची. पहिली गोष्ट जगाला दिसते, दुसरी आत राहते. बाहेरच्या आकड्यावरून एस शोधायचा तर डिस्क्रीट लॉगरिदमचं कोडं, म्हणजे बिंदूला कितीने गुणलं होतं ते उलट शोधायचं कोडं, सोडवावं लागतं, आणि 256 बिटांच्या कर्व्हवर त्याला साधारण 2 चा 128वा घात इतक्या पायऱ्या लागतात. कुठल्याही सरकारकडे एवढी यंत्रं नाहीत.

आता हेच छोट्या कर्व्हवर करून पाहू. 17 च्या मॉड्युलोने, म्हणजे दर वेळी 17 ने भागून उरलेली बाकीच धरून, घेतलेला कर्व्ह: वाय वर्ग = एक्स घन + 2 एक्स + 2. त्यावर क्यू = (5, 1) घ्या. या बिंदूची स्वतःशीच बेरीज करत गेलं की 19 पायऱ्यांनी चक्र पूर्ण होतं. वाटेत 4 क्यू = (3, 1), 7 क्यू = (0, 6), 9 क्यू = (7, 6), 11 क्यू = (13, 10), 13 क्यू = (16, 4) हे बिंदू लागतात. पी म्हणून मी (0, 6) हा बिंदू जाहीर करतो. तो मी 7 क्यू म्हणून काढला आहे, हे मात्र कोणाला सांगत नाही.

समजा तुमची गुप्त अवस्था 4 आहे. तुम्ही 4 क्यू काढता, (3, 1) येतो, आणि बाहेर पडतो 3. पुढच्या अवस्थेसाठी 4 पी काढता. पी म्हणजे 7 क्यू, म्हणून हा 28 क्यू, म्हणजेच 9 क्यू, म्हणजे (7, 6). नवी अवस्था 7. पुढच्या फेरीत 7 क्यू = (0, 6), बाहेर पडतो 0. मग 7 पी म्हणजे 49 क्यू, म्हणजे 11 क्यू, (13, 10), अवस्था 13. पुढे 13 क्यू = (16, 4), बाहेर पडतो 16. जगाला दिसतात 3, 0, 16. त्यात काही क्रम दिसत नाही.

मला मात्र पहिला 3 दिसला तेवढा पुरे. एक्स-अंक 3 असलेले बिंदू दोनच, (3, 1) आणि (3, 16). त्यातला कुठलाही घेऊन मी माझ्या गुपिताने, 7 ने, गुणतो. एकातून (7, 6) येतो आणि दुसऱ्यातून (7, 11). दोन्हींचा एक्स-अंक 7, आणि 7 हीच तुमची पुढची अवस्था. तुमची 4 ही अवस्था मला शेवटपर्यंत कळली नाही आणि तिची मला गरजही पडली नाही. कारण 4 पी म्हणजे 7 गुणिले 4 क्यू, आणि 4 क्यू तर तुम्हीच मला दिलात. इथून पुढचे 0, 16 आणि सगळेच आकडे मी तुमच्या आधी काढू शकतो.

खऱ्या ड्युअल ईसीत फरक एवढाच की संख्या अजस्र आहेत, आणि एक्स-अंकाच्या 256 पैकी वरचे 16 बिट कापून उरलेले 240 बाहेर दिले जातात. म्हणजे गुपित जवळ असलेल्याला 65,536 शक्यता तपासाव्या लागतात. साध्या संगणकाला हे मामुली काम आहे. त्यातल्या जवळपास निम्म्या कर्व्हवर बसतच नाहीत, आणि उरलेल्यांतली खरी कुठली ते पुढचे एक-दोन बाइट पाहून ठरतं. 16 ऐवजी निम्मे बिट कापले असते तर चोरदरवाजा जवळपास निकामी झाला असता, आणि आकड्यांतला तो कलही गेला असता. ते केलं गेलं नाही.

मानकात पी आणि क्यूचे अंक छापलेले होते. ते कसे निवडले, याचा खुलासा नव्हता. पी हा त्या कर्व्हचा नेहमीचा मूळ बिंदू. प्रश्न क्यूचा. निस्टचे जॉन केल्सी यांनी ऑक्टोबर 2004 मध्ये मसुद्यावर काम करणाऱ्या एका तज्ज्ञाला ईमेलवर हेच विचारलं: क्यू आला कुठून? उत्तर आलं की तो एका यादृच्छिक खासगी किल्लीची सार्वजनिक किल्ली म्हणावी असा आहे. दुसऱ्या पद्धतीनेही तो काढता आला असता, पण एनएसएने ती कल्पना हाणून पाडली आणि त्याची जाहीर चर्चा करायची मुभा नाही. हा पत्रव्यवहार निस्टने 2014 मध्ये खुला केला. वाचताना माझं डोकं भणभणलं. प्रश्न नेमका होता, उत्तर जवळजवळ कबुलीजबाबासारखं होतं, आणि गाडी तशीच पुढे गेली. जानेवारी 2005 मध्ये तर सर्टिकॉम या कंपनीच्या डॅन ब्राउन आणि स्कॉट व्हॅनस्टोन यांनी याच युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला: दोन बिंदूंमधलं नातं ज्याला माहीत, त्याच्याकडे राखीव किल्ली. म्हणजे ही गोष्ट अंधारात नव्हती. मानकाच्या परिशिष्टात स्वतःचे बिंदू तयार करण्याची सोयही ठेवली होती, पण सरकारी प्रमाणपत्र हवं तर छापलेलेच बिंदू वापरणं भाग होतं.

ऑगस्ट 2007 मध्ये क्रिप्टो या क्रिप्टोग्राफी-संशोधकांच्या परिषदेच्या अनौपचारिक सत्रात मायक्रोसॉफ्टच्या डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी हे गणित थोडक्यात मांडलं. एनएसएकडे ते गुपित आहेच, असा आरोप त्यांनी केला नाही. असू शकतं, आणि नाही हे सिद्ध करायची सोय नाही, एवढंच म्हटलं. स्वतःचे बिंदू बनवून केलेल्या प्रयोगात त्यांना 32 बाइट पाहून आतली अवस्था नेमकी सापडली. नोव्हेंबरमध्ये सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी जाहीर लिहिलं की हा जनरेटर वापरू नका. बहुतेकांनी मान डोलावली आणि म्हटलं, इतका मंद जनरेटर वापरतंय कोण?

वापरत होते

आरएसए सिक्युरिटी या अमेरिकी कंपनीच्या बीसेफ या सॉफ्टवेअर-संचात ड्युअल ईसी 2004 पासूनच मूळ पर्याय होता, म्हणजे निस्टने मंजूर करण्याच्याही आधीपासून. सप्टेंबर 2013 मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांच्या आधारे न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन आणि प्रोपब्लिकाने एनएसएच्या ‘बुलरन’ कार्यक्रमाच्या बातम्या दिल्या. व्यापारी उत्पादनं आणि मानकं आपल्याला सोयीची व्हावीत यासाठी वर्षाला सुमारे 25 कोटी डॉलर खर्च होत होते. काही दिवसांत टाइम्सने ड्युअल ईसीचं नावही घेतलं. निस्टने लगेच ‘वापरू नका’ असा सल्ला दिला. डिसेंबरात रॉयटर्सने बातमी दिली की बीसेफमध्ये तो मूळ पर्याय ठेवण्यासाठी एनएसएने आरएसएशी 1 कोटी डॉलरचा करार केला होता. जाणूनबुजून कमकुवत जनरेटर घातल्याचा आरोप आरएसएने नाकारला. पुढच्या फेब्रुवारीतल्या आरएसए परिषदेतून काही वक्त्यांनी नावं मागे घेतली.

याच सुमारास एक मजेदार गोष्ट उघड झाली. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एनक्रिप्शन सॉफ्टवेअरच्या सरकारी प्रमाणित मॉड्यूलमध्येही ड्युअल ईसी होता, पण त्यात असा बग होता की तो चालूच शकत नव्हता. आणि तोवर कोणाचीही तक्रार आली नव्हती! हलगर्जीपणाने कोणाचं तरी रक्षण केल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं कमी. निस्टने एप्रिल 2014 मध्ये हा जनरेटर मानकातून काढायचं जाहीर केलं. एनएसएचे माजी संशोधन-संचालक मायकेल वर्थहाइमर यांनी 2015 मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात खेद व्यक्त केला, तोही एवढाच की चोरदरवाज्याची शक्यता दाखवली गेल्यानंतरही एनएसएने पाठिंबा काढून घेतला नाही. शक्यता मुळात ठेवली कोणी, यावर ते गप्प राहिले.

ज्युनिपरमध्ये काय झालं

स्क्रीनओएसमध्ये ड्युअल ईसी आला 2008 मध्ये, 6.2 या आवृत्तीत. ज्युनिपरने निस्टचा क्यू घेतला नव्हता, स्वतःचा घातला होता. तो कसा काढला याचा खुलासा नाही, म्हणजे दुखणं तेच. पण कंपनीचा युक्तिवाद होता की आम्ही ड्युअल ईसीचं उत्पादन थेट वापरतच नाही, ते एक्स9.31 या दुसऱ्या जनरेटरला बी (सीड, म्हणजे सुरुवातीची संख्या) म्हणून देतो आणि बाहेर जातं ते त्याचं उत्पादन. असं असतं तर क्यूमागचं गुपित कोणाच्याही हाती असलं तरी फारसं बिघडलं नसतं.

संशोधकांनी कोड उलगडला तेव्हा वेगळंच निघालं. आकडे तयार करणारं फंक्शन सुरुवातीला एक काउंटर शून्य करतं. मग बी ताजं करणारं फंक्शन बोलावलं जातं. ते ड्युअल ईसीचे 32 बाइट एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकतं आणि जाता जाता तोच काउंटर 32 करून ठेवतं, कारण तो काउंटर दोघांत सामायिक, ग्लोबल आहे. परत आल्यावर एक्स9.31 चा लूप ‘काउंटर 31 पर्यंत असेल तोवर चाल’ म्हणतो. काउंटर तर 32 वर. लूप एकदाही फिरत नाही. आणि बफरही तोच असल्याने ड्युअल ईसीचे कच्चे बाइट जसेच्या तसे बाहेर जातात. पहारेकरी नेमलेला होता, पण तो कधी कामावर आलाच नाही.

दुसरा योगायोग, हवं तर अवतरणचिन्हांत घाला: त्याच 6.2 आवृत्तीत व्हीपीएनच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतला नॉन्स (एकदाच वापरायचा रँडम आकडा) 20 बाइटांवरून 32 बाइटांवर गेला. नॉन्स उघडाच पाठवला जातो. ड्युअल ईसी एका फेरीत 30 बाइट देतो. 20 बाइट पाहून अवस्था शोधणं अव्यवहार्य, पण 32 म्हणजे एक पूर्ण फेरी आणि पुढच्या फेरीचे दोन बाइट, ताळा पाहायला नेमके पुरेसे. शिवाय नॉन्स आधीच तयार करून रांगेत ठेवले जात, त्यामुळे नॉन्स बहुधा किल्लीच्या आधीचा असे. नॉन्सवरून अवस्था, अवस्थेवरून गुप्त किल्ली, किल्लीवरून संभाषण. संशोधकांनी आपला क्यू घालून हा सगळा हल्ला खऱ्या यंत्रावर करून दाखवला.

हे सगळं 2008 पासून मांडून ठेवलेलं होतं. 2012 मध्ये कोणीतरी ज्युनिपरच्या कोडपर्यंत पोचलं आणि क्यू बदलून स्वतःचा क्यू ठेवला. तीन वर्षं नेटस्क्रीनच्या बाधित आवृत्त्यांमधली व्हीपीएन वाहतूक त्या ‘कोणीतरी’ला वाचता येत होती. डिसेंबर 2015 मध्ये ज्युनिपरने काय केलं? जुना क्यू परत बसवला. ड्युअल ईसी काढून टाकण्याची घोषणा जानेवारी 2016 मध्ये, चहूकडून विचारणा झाल्यावर आली.

हेरसंस्थांच्या वर्तुळात एक संक्षेप वापरला जातो, ‘नोबस’: आपल्याशिवाय कोणालाही वापरता येणार नाही असा दोष. ड्युअल ईसी हा नोबसचा गणिती आदर्श म्हणावा लागेल. पीवरून 7 ओळखायला मला छोट्या कर्व्हवर मिनिट लागेल, खऱ्या कर्व्हवर ते चीनला जमणार नाही, रशियाला जमणार नाही. हा दावा आजही खरा आहे. ज्युनिपरमध्ये कोणीही डिस्क्रीट लॉगरिदम सोडवला नाही. त्यांनी कुलपाची किल्ली शोधली नाही, कुलपातला सिलिंडर बदलला आणि आपली किल्ली खिशात ठेवली. सिलिंडर बदलता येण्याजोगं कुलूप दारावर आधीच बसवलेलं होतं. गणिताने ‘हा दरवाजा फक्त मालकाला उघडेल’ याची हमी दिली. मालक कोण, याची हमी गणित देत नाही. ती देतात कोड-रिपॉझिटरीचे पासवर्ड, कर्मचारी, बिल्ड सर्व्हर आणि कोणी लक्ष देऊन पाहतंय की नाही. एनएसएच्या गणितज्ञांची समीकरणं बिनचूक होती. चुकलं ते गृहीतक, की रचना जगभर पसरवली तरी तिच्यातला एक स्थिरांक कायम आपलाच राहील.

म्हणून ‘कायदेशीर आदेश असेल तेव्हाच वापरू’ हे आश्वासन ऐकलं की मला समोरच्याच्या हेतूबद्दल शंका घ्यावीशीही वाटत नाही. हेतू चांगला धरून चाललं तरी भागत नाही. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या मेसेजिंग सेवांवर संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देता यावा अशी अट घातली आणि व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ते तंत्र ड्युअल ईसीपेक्षा वेगळं आहे, दोन्हींची खिचडी करू नये. पण अशी प्रत्येक सोय कुठल्यातरी सर्व्हरवर, कुठल्यातरी कोडच्या ओळीत राहते, आणि तिथवर पोचणारा न्यायालयाचा आदेश घेऊनच येईल असं नाही.

स्थिरांकांच्या बाबतीत मात्र सवयी बदलल्या. आज कोणी नवा कर्व्ह किंवा जनरेटर मांडला की पहिला प्रश्न येतो, हे आकडे का? कर्व्ह25519 हा इलिप्टिक कर्व्ह लोकप्रिय होण्यामागे वेग तर आहेच, पण त्याचा मूळ अविभाज्य अंक, 2 चा 255वा घात वजा 19, आणि त्यातला 486662 हा सहगुणक कसा निवडला ते कोणीही ताडून पाहू शकतं, हेही आहे.

ज्युनिपरचा क्यू कोणी बदलला, यावर अधिकृत उत्तर अपुरंच आहे. अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्यासह काही लोकप्रतिनिधींनी 2020 मध्ये कंपनीला लेखी प्रश्न विचारले. ड्युअल ईसी एका ग्राहकाच्या मागणीवरून घातला, असं कंपनीने सांगितलं. ग्राहकाचं नाव दिलं नाही. रॉयटर्सच्या वृत्तानुसार, त्यात बदल करणारं कुठल्यातरी देशाचं सरकार होतं हेही कंपनीने मान्य केलं, पण कुठलं ते सांगितलं नाही. 2021 मध्ये ब्लूमबर्गने चिनी हॅकर गटाकडे बोट दाखवलं. एनएसएने या प्रकरणातून काय शिकलो याचा अहवाल केल्याचं 2018 मध्ये वायडन यांच्या कार्यालयाला सांगितलं होतं. तो मागितल्यावर काय झालं ते वायडन यांच्या प्रवक्त्याने ऑक्टोबर 2020 मध्ये रॉयटर्सला सांगितलं: हा अहवाल आता सापडत नाही, असं एनएसएचं म्हणणं आहे.